त्रुटीपूर्तीसाठी परत

भालेरावकाका कुठलाही कागद उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यापासून वाचायला सुरुवात करत. आधी सही, मग शिक्का, मग तारीख. हे तिन्ही जागच्या जागी असलं तरच मजकूर. त्यांच्या मुलीच्या, सुजाताताईच्या, विजेच्या बिलापासून नातीच्या शाळेच्या सहलीच्या पत्रापर्यंत सगळ्यांना एकच न्याय. सिंगापुरात बहुतेक पत्रं संगणकातून निघतात आणि तळाशी लिहिलेलं असतं की सहीची आवश्यकता नाही. ती ओळ वाचली की काका अस्वस्थ होत. "सही नाही म्हणजे जबाबदार कोण?" असं विचारत, आणि उत्तराची वाट न बघता उठून येरझाऱ्या घालायला लागत.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत त्यांची नोकरी झाली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. काकू गेल्यावर सुजाताताईनं त्यांना सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. ती आंग मो किओला एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनियर. मी क्लेमेंटीला खोली भाड्यानं घेऊन विद्यापीठात संशोधन करत होते. काकांना मी ओळखलं ते जेमतेम दहा महिने, आणि त्या दहा महिन्यांत त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता: एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची की नाही. बाकी सगळं, त्यांचं चालणं, चिडणं, विनोद, या प्रश्नाभोवतीच फिरत होतं. मला ते उशिरा कळलं.

पहिली भेट भीमजयंतीच्या कार्यक्रमात झाली. क्लेमेंटीच्या एका कॉन्डोतला, म्हणजे खाजगी गृहसंकुलातला, छोटा हॉल, पन्नासेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. मी निबंध वाचला. विषय होता गावकुसाबाहेरच्या माणसाचा स्वसंरक्षणाचा हक्क. माझे वडील चळवळीची पत्रकं छापायचे. माझी अक्षरओळखच त्या कागदांवर झाली, त्यामुळे माझ्या लिहिण्यात दर चौथ्या वाक्याला उद्गारचिन्ह असतं. ज्यांच्या वस्त्या जाळल्या जातात त्यांना शासनानं शस्त्र परवाने द्यावेत, नाहीतर नाकारण्याची हिंमत तरी दाखवावी, असं मी ठणकावून वाचलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतला एक सडपातळ म्हातारा मात्र टाळ्या न वाजवता उभा राहिला.

"आधार काय?"

"म्हणजे?"

"नाकारण्याची हिंमत दाखवावी म्हणालीस. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं. कारण दिलं की अपील करता येतं. तुझ्या निबंधात अपिलाचा उल्लेखच नाही. त्रुटी आहे."

"काका, माणसं मरतात आणि तुम्ही अपिलाचं बोलताय?"

"मरतात म्हणूनच बोलतोय," ते म्हणाले आणि एकाएकी बसले. लगेच पुन्हा उठले आणि हॉलबाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, तरणतलावाभोवती भराभर फेऱ्या मारत होते.

चहाच्या वेळी स्वतःच माझ्याजवळ आले. "पत्रकबाई, रागावलीस का?" तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पत्रकबाईच राहिले.

'त्रुटी' हा त्यांचा लाडका शब्द होता. आमटी अळणी झाली की "मिठाची त्रुटी." बस चुकली की "वेळेची त्रुटी." नातीनं, मैत्रेयीनं, गणिताची वही दाखवली की "दोन त्रुटी, पूर्तता करून फेरसादर कर." ती आठ वर्षांची, कंबरेवर हात ठेवून, वाक्याच्या शेवटी 'ला' जोडणाऱ्या इथल्या इंग्रजीत म्हणायची, "आजोबा, माय टीचर गेव्ह टिक ऑलरेडी ला!" त्यावर ते त्या 'टिक'च्या खाली टीचरची सही आहे का ते बघत.

परवाना शाखेचे त्यांचे किस्से ऐकण्यासारखे होते. कुणाला लग्नाच्या फोटोत खांद्याला लावायला बंदूक हवी असे. एक केळीचे व्यापारी अर्जात कारण लिहून गेले होते: "प्रतिष्ठेस आवश्यक." निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. एका वर्षी आचारसंहिता नेमकी नवरात्रात आली आणि खांडेनवमीच्या आदल्या दिवशी गावोगावचे मातब्बर काकांच्या टेबलापुढे रांग लावून उभे. एका दिवसापुरती बंदूक सोडा, पूजा करायची आहे.

"मग काय केलंत?"

"म्हटलं, परवाना घरी आहे ना? त्याला हळदकुंकू वाहा. हत्याराचा जीव त्यातच असतो."

सगळे हसत. सुजाताताई हसत नसे. तिला माहीत असावं की किस्सा संपला की बाबा चप्पल घालून बाहेर पडणार आणि इमारतीखालच्या मोकळ्या जागेत खांबांमधून तासभर चालत राहणार.

ते स्वतः हत्यारासकट पकडले गेले, तो प्रसंग तर त्यांनी मला चारदा सांगितला. सिंगापूरला येताना नातीसाठी म्हणून बसस्टँडजवळच्या गाड्यावरून त्यांनी टिकल्यांचं पिस्तूल घेतलं होतं. काळं, पत्र्याचं, सोबत लाल टिकल्यांची रिळं. तीस वर्षं माणसांना बंदुकीचे नियम शिकवलेल्या माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नाही की खेळण्यालाही नियम असेल. चांगी विमानतळावर सामान तपासताना त्यांना बाजूला घेतलं.

"पोरी, अधिकारी तुझ्याएवढीच होती. मला म्हणाली, अंकल, ही बंदूक तुमची? मी हो म्हटलं. इतकी वर्षं लोकांना विचारलेला प्रश्न मला कुणीतरी पहिल्यांदा विचारला."

"घाबरलात?"

"सुजाता घाबरली. जावई बाहेर घाम पुसत होता, आपला इथल्या नोकरीचा पास जातो की काय म्हणून. मी बघत होतो ती काय लिहिते ते. खेळण्यातली बंदूक असली तरी आधी परवानगी लागते, टिकल्यांत दारू असते, म्हणून दोन्ही ठेवून घेतो, असं लिहिलं. खाली सही. एक प्रत मला दिली." मग जवळजवळ रागानं म्हणाले, "दहा रुपयांचं खेळणं गं! नाही म्हणाली, पण का नाही ते लिहून दिलं."

ती प्रत त्यांनी पाकिटात ठेवली होती. तेव्हा मला त्यात फक्त गंमत दिसली.

मला इथल्या शिस्तीचं कौतुक नव्हतं. मी वाद घालायचे. "काका, इथं बंदुकीच्या गुन्ह्याला फाशी आहे. आणि बंदूक सोडा, परवानगीशिवाय रस्त्यावर पत्रकं वाटत उभं राहता येत नाही. मी इथं जन्मले असते तर काय केलं असतं?"

"संशोधन," ते म्हणाले. "आणि वेळेवर जेवली असतीस."

एका दुपारी आम्ही बुकित पंजांगच्या मॉलमध्ये होतो. एटीएममध्ये पैसे भरायला गाडी आली होती आणि दोन गणवेशधारी रक्षक हत्यार घेऊन उभे होते. काका सरळ त्यांच्या दिशेनं चालायला लागले. तरुण रक्षकानं तळहात दाखवला, "अंकल, स्टँड बॅक प्लीज." काका थांबले. काम उरकून गाडी निघायच्या बेतात असताना त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत विचारून घेतलं, ड्युटी संपल्यावर हत्यार कुठं जातं? रक्षकाला हसू आलं. जमा करतो म्हणाला, गोळ्या मोजून. घरी कसं नेणार? "गो होम एम्प्टी हँड ला, अंकल."

फूड कोर्टमध्ये काकांच्या पुढ्यात चहा गार झाला. एक पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

"आमच्या तालुक्यात," शेवटी म्हणाले, "एक मोठा माणूस बंदूक खांद्याला लावून ग्रामसभेला यायचा. परवाना माझ्या टेबलावरून गेलेला. नूतनीकरण दर वेळी मुदतीच्या आत. कागद एकदम स्वच्छ. एक त्रुटी नाही."

"आणि?"

"चल, गाडीत बसू."

बुकित पंजांगची छोटी, बिनचालकाची रेल्वेगाडी इमारतींना वळसा घालत गोल फिरते आणि पुन्हा मूळ जागी येते. लोकांच्या घरांजवळून जाताना तिच्या काचा आपोआप धूसर होतात, आतलं कुणाला दिसू नये म्हणून. काकांना घरी बसून बोलायचं नव्हतं. आम्ही तीन फेऱ्या मारल्या, आणि काचा धूसर होत असताना आणि पुन्हा स्वच्छ होत असताना त्यांनी मला उत्तम खरातांबद्दल सांगितलं.

खरात त्याच तालुक्यातल्या एका गावात शाळामास्तर होते. आपल्यापैकीच. पाणवठ्यावरून त्याच मोठ्या माणसाशी वाद झाला, धमक्या आल्या, दोनदा रस्त्यात अडवलं. त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज काकांच्या टेबलावर आला.

"पहिल्या दिवशी स्वतः आला. दारातून म्हणाला, जय भीम साहेब. सगळी शाखा बघत होती. मी म्हटलं, नमस्कार, बसा." काकांनी हाताची बोटं मोडली. "माझ्या घरात पोरं झोपेतून उठली की तो शब्द म्हणायची. ऑफिसात मी कधी उच्चारला नाही. आपल्या माणसाला झुकतं माप देतो, असं कुणी म्हणू नये म्हणून आपल्या माणसाचा कागद मी दुप्पट तपासायचो."

"मग काय झालं?"

"वरून तोंडी निरोप आला. ते प्रकरण वाढवू नका. नाकारायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण नव्हतं. धोका खरा होता. मग मी ते केलं जे आम्ही नेहमी करायचो. त्रुटीपूर्तीसाठी परत. पहिल्यांदा फोटो जुना म्हणून. दुसऱ्यांदा रहिवासाचा दाखला मुदतबाह्य म्हणून. तिसऱ्यांदा... तिसऱ्यांदा त्रुटीच नव्हती. मी शोधून काढली. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण होतं, एकावर आद्याक्षर."

चौथ्यांदा अर्ज आला नाही. मास्तरांचं घर जाळलं गेलं आणि त्यात मास्तर गेले. घरातले कागदही गेले.

आता त्यांची मुलगी प्रज्ञा त्याच जागी पुन्हा घर बांधून राहत होती आणि न्यायालयात लढत होती. वडिलांना धोका आहे हे प्रशासनाला आधीपासून माहीत होतं, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. कार्यालयानं माहितीच्या अधिकारात उत्तर दिलं की या नावाचा कुठलाही अर्ज मंजूर किंवा नामंजूर केल्याची नोंद नाही. उत्तर अक्षरशः खरं होतं. परत केलेल्या अर्जाची नोंद फक्त आवक-जावक रजिस्टरात असते, आणि जुनी रजिस्टरं नियमाप्रमाणे नष्ट झाली होती. अर्ज आला होता हे सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. प्रज्ञानं पत्ता काढून त्याला पत्र लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य काकांनी मला मान खाली घालून सांगितलं. बाबा आम्हाला म्हणायचे, परवाना शाखेत आपले भालेराव आहेत, काम होईल.

"मग सही करा," मी म्हणाले. गाडीत माणसं होती, तरी माझा आवाज चढला. "यात विचार कसला करताय?"

"मिलिंद."

मिलिंद त्यांचा मुलगा. त्याच जिल्ह्यात, त्याच कार्यालयात कारकून.

पुढचे काही महिने मी त्यांना सोडलं नाही. मला त्यांच्यात एक माणूस दिसत होता की एक पुरावा, हे मी आज नीट सांगू शकत नाही. सुजाताताईला मात्र तेव्हाच दिसलं. एका रविवारी मी गेले तर तिनं दार अर्धंच उघडलं.

"तू त्यांना झोपू देत नाहीस," ती म्हणाली. "मिलिंदला कुठं फेकतील माहीत आहे? त्याची दोन लेकरं आहेत. तुझं काय जातंय? तू लेख लिहिशील."

"ताई, त्या बाईचा बाप गेलाय."

"आणि माझा आहे. तो राहू दे."

आतून काकांचा आवाज आला, "सुजाता, तिला आत घे. तिच्या हातात कागद आहे."

खरंच होता. मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून नेला होता, वडिलांच्या पत्रकांच्या तालात. जातीय मानसिकतेनं पोखरलेल्या यंत्रणेनं एका निष्पाप शिक्षकाचा बळी घेतला, वगैरे. काकांनी तो टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. एकेक ओळ खोडत गेले. शेवटी पानावर माझं काही उरलं नाही.

"यंत्रणेनं नाही, पोरी. मी. यंत्रणेचं नाव लिहिलं की सगळे सुटतात. अगोदर मी सुटतो."

"पण तोंडी निरोप देणारा तो साहेब? तो बंदूकवाला?"

"त्यांचंही लिहीन. माझं लिहून झाल्यावर. आधी माझं."

"बाबा," सुजाताताई म्हणाली, "बंदूक मिळाली असती तर खरातसर वाचले असते का? सांगा ना. वाचले असते?"

काका खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले.

"माहीत नाही. कदाचित एकाच्या जागी तिघं मेले असते. मला बंदूक आवडत नाही, सुजाता. तीस वर्षं बघितलीय. पण त्याला 'नाही' ऐकायचा हक्क होता. नाही म्हटलं असतं तर तो वर गेला असता, भांडला असता, निदान शहरात राहायला आला असता. मी त्याला वाट बघायला लावलं. तो वाट बघत बसला, कारण मी तिथं होतो म्हणून."

मैत्रेयी सोफ्यावर चित्र रंगवत होती. तिनं मान वर करून विचारलं, "आजोबा, यू डिड समथिंग राँग, इज इट?"

"हो," काका म्हणाले. त्यांनी ते मराठीत म्हटलं, पण तिला कळलं.

नवा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला, दोन पानांचा, एकही विशेषण नसलेला. तीन अर्ज, तीन वेळा परत, कोणत्या कारणानं, त्यातलं कोणतं कारण खोटं. वकिलातीत सही साक्षांकित करायला मी त्यांच्याबरोबर गेले. रांगेत ते एकदाही खुर्चीवर बसले नाहीत. खिडकीतल्या माणसानं विचारलं, मजकूर वाचलाय ना? काका म्हणाले, "वाचलाय. त्रुटी नाही."

बाहेर आल्यावर मला रडू येत होतं. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि लगेच हात काढून घेतला. "प्रज्ञानं आता स्वतःसाठी अर्ज केलाय," म्हणाले. "बंदुकीचा. तिलाही धमक्या येतात. मला सांग पत्रकबाई, तिला मिळावी की नाही? मला सगळ्यांच्या हातातून बंदुका काढून घ्याव्याशा वाटतात आणि एक तिच्या हातात द्यावीशी वाटते. दोन्ही एकाच वेळी. याच्यावर काढ एखादं पत्रक."

आजही ते पत्रक मला लिहिता आलेलं नाही.

नुसता कागद पुरला नाही. समोरच्या पक्षाला त्यांची उलटतपासणी हवी होती, त्यांना स्वतः हजर राहावं लागणार होतं. मिलिंदचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. काकांनी तो उभं राहून ऐकला, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मिलिंदनं सांगितलं होतं की याल तेव्हा घरी येऊ नका, लोक बघतील. ज्या घराचे हप्ते काकांनी स्वतः फेडले होते, ते घर.

निघायच्या दिवशी चांगीला सुजाताताई, मैत्रेयी आणि मी. सुजाताताई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. तरी तिनं त्यांच्या गोळ्यांच्या पिशव्या केल्या होत्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, बॅगेवर उतरण्याच्या ठिकाणचा पत्ता लिहा. जुन्या चिठ्ठीवर घरचा पत्ता होता. काकांनी ती फाडली.

"बाबा, उतरणार कुठं?" सुजाताताईचा आठवड्यातला पहिला प्रश्न.

ते काउंटरवर वाकून नवी चिठ्ठी लिहायला लागले. ठसठशीत, सरळ, ऑफिसातलं अक्षर. आम्ही दोघी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो. दिवंगत उत्तम खरात यांचे घर. शाळेमागे. मग गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. कुठंही न थांबता पिनकोड.

"प्रज्ञानं पाठवला का पत्ता?" तिनं विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "पाठ आहे. तीन लिफाफ्यांवर मीच लिहिला होता."

त्यांनी चिठ्ठी बॅगेला बांधली, गाठ ओढून बघितली आणि आमच्याकडे न पाहता भराभर आत चालत गेले.